चर्चमध्ये शेवटचा शब्द कुणाचा, हे कसं शोधायचं

चर्चशी काम पडलं की बहुतेक लोक समोर दिसेल त्या झगा घातलेल्या माणसाच्या हातात अर्ज देऊन मोकळे होतात. अर्ज पडून राहतो, आणि बऱ्याच दिवसांनी कळतं की त्यावर निर्णय घ्यायचा अधिकार त्या माणसाला नव्हताच. दाखला हवा असेल, तक्रार करायची असेल, बातमी लिहायची असेल, चर्चची जागा भाड्याने घ्यायची असेल किंवा स्वतःच एखाद्या मंडळीचं (स्थानिक ख्रिस्ती समुदायाचं) सभासद व्हायचं असेल, तर त्या चर्चमध्ये कोणती गोष्ट कुणाच्या सहीने होते हे आधी कळायला हवं. पदाच्या नावावरून ते कळत नाही. ‘बिशप’ म्हटलं की कॅथलिक चर्चमध्ये अख्खा धर्मप्रांत, म्हणजे एका हद्दीतली सगळी चर्चेस, चालवणारा माणूस समजायचा. मोरेव्हियन चर्च या जुन्या प्रोटेस्टंट पंथात मात्र बिशपपदासोबत कसलाही प्रशासकीय अधिकार आपोआप येत नाही. तिथे बिशप दीक्षा देतो, आध्यात्मिक सल्ला देतो, आणि कारभार निवडून आलेलं मंडळ पाहतं. एखाद्या स्वतंत्र चर्चचा पाळक स्वतःच्या नावामागे बिशप लावतो, तेव्हा त्याच्या वर कुणीच नसतं आणि खाली एकच मंडळी असते.

आधी काम कोणतं ते ठरवा

एकाच चर्चमध्ये पाच प्रकारचे अधिकार असतात आणि ते क्वचितच एका हातात असतात: शिकवण ठरवणं, संस्कार देणं, माणसं नेमणं, पैसा आणि मालमत्ता सांभाळणं, आणि शिस्तभंगाची दखल घेणं. आपलं काम यापैकी कशात मोडतं ते एका ओळीत लिहून काढा. ‘फादरांबद्दल तक्रार आहे’ एवढं पुरत नाही. फादरांनी लग्न लावायला नकार दिला हा संस्काराचा विषय, हिशेब दाखवत नाहीत हा मालमत्तेचा, आणि वागणूक वाईट आहे हा शिस्तीचा. तिन्हींचे दरवाजे वेगळे. गुन्ह्याचा संशय असेल, विशेषतः मुलांच्या बाबतीत, तर पहिला दरवाजा पोलिसांचा. चर्चची अंतर्गत चौकशी त्याच्या जागी येत नाही, मग पंथ कुठलाही असो.

त्यानंतर चार प्रश्नांची उत्तरं मिळवा. इथल्या पाळकाला किंवा धर्मगुरूला कोण नेमतं? त्याला कोण काढू शकतं? इमारत आणि जमीन कागदोपत्री कुणाच्या नावावर आहे? निर्णय पटला नाही तर वर कुठे जाता येतं?

चारांपैकी दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. नेमणुकीत अनेकांचे हात असतात: शोध समिती असते, मतदान असतं, वरून मंजुरी असते, शिवाय कुणाचा तरी आशीर्वाद. त्यामुळे ‘कोण नेमतं’ याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या बाजूने देतो. काढण्याचा अधिकार मात्र नियमांत बहुधा स्पष्ट लिहिलेला असतो, कारण भांडण तिथेच होतं.

कॅथलिक चर्च: वरून खाली, पण वाटतं तितकं सरळ नाही

कॅथलिक चर्चचा कायदा छापील आहे आणि कुणालाही वाचता येतो. लॅटिन परंपरेसाठी १९८३ ची संहिता आहे, १७५२ कलमांची. पोपशी एकरूप असलेल्या २३ पौर्वात्य कॅथलिक चर्चेससाठी १९९० ची वेगळी संहिता आहे. पहिली चूक इथेच होते. समोरचं चर्च पौर्वात्य परंपरेचं असताना लॅटिन संहितेचं कलम दाखवलं, तर सगळा अर्ज बाजूला पडतो. खाली दिलेली कलमं लॅटिन संहितेतली आहेत.

पोपचा अधिकार सर्वोच्च, पूर्ण आणि थेट आहे (कलम ३३१). पण रोजच्या कामात पोपचा संबंध येत नाही. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेची शिकवण जाहीर केली, तिचा वापर त्यानंतर औपचारिकपणे एकदाच झाला, १९५० साली, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या घोषणेसाठी. म्हणजे ‘पोप बोलले की सगळं अचूक’ ही समजूत बातम्यांत कितीही दिसली तरी चुकीचीच.

खरा कारभारी धर्मप्रांताचा बिशप. आर्चबिशप त्याचा साहेब नव्हे. शेजारच्या धर्मप्रांतांवर आर्चबिशपची नजर असते, गैरप्रकार दिसला तर तो पोपला कळवू शकतो, पण तिथल्या फादरांची बदली करू शकत नाही (कलम ४३६). कार्डिनल हीही वरची पायरी नाही. ऐंशी वर्षांखालचे कार्डिनल पोप निवडतात, दोन तृतीयांश मतांनी. पण कार्डिनल आहे म्हणून दुसऱ्याच्या धर्मप्रांतात त्याची सही चालत नाही. बिशपांची राष्ट्रीय परिषद तर बहुतेक बाबतींत सल्लाच देते. तिचा आदेश बंधनकारक व्हायला दोन तृतीयांश मतं आणि रोमची मान्यता, दोन्ही लागतात.

बिशपच्या कार्यालयात नेमकं कुणाला गाठायचं? व्हिकार जनरल बिशपच्या वतीने बराच कारभार करतो, पण धर्मग्रामाचा (पॅरिशचा) मुख्य फादर नेमणं त्याच्या हातात नसतं, त्यासाठी बिशपने खास अधिकार दिलेला असावा लागतो. साहाय्यक बिशप पुढचा बिशप होईलच असं नाही. वारसाहक्क असतो तो कोअॅडज्युटर बिशपला. बिशपने ७५ व्या वर्षी पोपकडे राजीनामा द्यायचा असतो, पण पोप तो स्वीकारेपर्यंत अधिकार चालूच राहतो. ‘निवृत्त झाले’ असं आधीच छापून टाकणारे इथे तोंडघशी पडतात.

बिशपची गादी रिकामी झाली की सल्लागार मंडळाने आठ दिवसांत प्रशासक निवडायचा असतो. हे मंडळ सहा ते बारा धर्मगुरूंचं असतं. प्रशासकावर एक मोठं बंधन आहे: काहीही नवं सुरू करायचं नाही. त्यामुळे नव्या शाळेची किंवा जमीनविक्रीची फाइल घेऊन या काळात गेलात तर ती थांबणार हे गृहीत धरा.

धर्मग्रामाच्या पातळीवर लोकांची दोन मंडळं असतात आणि दोन्हींची गल्लत होते. पॅरिश पास्टोरल कौन्सिल फक्त सल्ला देतं, आणि ते नेमायचं की नाही हे बिशप ठरवतो. वित्त समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी (कलम ५३७). समितीने सल्ला दिला तरी कायदेशीर व्यवहारात धर्मग्रामाच्या वतीने सही मुख्य फादरांचीच. मोठ्या रकमेची जमीन विकायची तर बिशपलाही आपली वित्त समिती आणि सल्लागार मंडळ या दोघांची संमती लागते, आणि ठरावीक मर्यादेच्या वर रोमची परवानगी. ती मर्यादा प्रत्येक देशाची बिशप परिषद ठरवते, म्हणून आकडा तिथूनच विचारून घ्या. एका देशाचा आकडा दुसरीकडे लागू होत नाही.

लग्नाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. कॅथलिक विधीचं लग्न वैध होण्यासाठी साधारणपणे स्थानिक बिशप किंवा त्या धर्मग्रामाचा मुख्य फादर, अथवा त्यांनी अधिकार दिलेला धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक), आणि दोन साक्षीदार लागतात (कलम ११०८). नात्यातले, ओळखीचे फादर बाहेरून लग्न लावायला येतात तेव्हा त्यांच्याकडे मुख्य फादरांनी नेमक्या त्या लग्नासाठी दिलेला अधिकार असला पाहिजे. फादर खरे, मिस्सा खरा, नोंदवहीही खरी, पण अधिकार दिलेलाच नाही, अशी लग्नं पुढे रद्दबातल ठरू शकतात. आदल्या आठवड्यात दोन ओळींचं पत्र घेऊन ते लग्नाच्या कागदपत्रांत लावून ठेवा. तोंडी ‘हो हो, लावा की’ पुढे सिद्ध करणं कठीण.

तक्रारीची मुदत इतकी आखूड असते की तिथेच बहुतेक जण हरतात. मुख्य फादरांचा लेखी निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत बिशपकडे दाद मागायची. निर्णय बिशपचा असेल तर आधी बिशपलाच, १० दिवसांच्या आत, तो मागे घ्या किंवा बदला असं लेखी विनवायचं. त्यांनी ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर तिथून पुढे १५ दिवसांत रोमच्या संबंधित विभागाकडे. मधली पायरी गाळून थेट रोमला लिहिलेलं पत्र टिकत नाही. दिवस मोजताना तुम्हाला निर्णय कळला आणि कृती करणं शक्य होतं, तेच दिवस धरतात. म्हणून निर्णय हातात पडल्याची तारीख पाकिटावर लिहून पाकीट जपून ठेवा. तोंडी निर्णयावर ही घड्याळं नीट चालत नाहीत. तो आधी लेखी मागा.

आणखी एक फसवी जागा: धर्मसंघांच्या शाळा, दवाखाने, आश्रम. तिथे नेमणुका आणि बदल्या त्या संघाचे प्रांतप्रमुख करतात. बिशपच्या हद्दीत असूनही त्या संस्थेचा अंतर्गत कारभार बिशप चालवत नाही. पत्राच्या मथळ्यावर धर्मप्रांताचं नाव आहे की संघाचं, एवढं पाहिलं तरी अर्ध काम होतं.

ऑर्थोडॉक्स चर्च: उपासनेत नावं ऐका

ऑर्थोडॉक्स परंपरेत पोपसारखा कुणी नाही. प्रत्येक स्वयंशासित चर्च स्वतःचा प्रमुख स्वतः निवडतं आणि बिशपांच्या पवित्र सिनडमार्फत (धर्मसभेमार्फत) चालतं. कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क (तिथल्या चर्चचे प्रमुख) मानाने पहिले, पण दुसऱ्या चर्चच्या कारभारात त्यांना हात घालता येत नाही, आणि त्यांचा मान नेमका कुठपर्यंत यावरच वाद आहे. ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या २०१६ च्या क्रीट परिषदेला अँटिऑक, बल्गेरिया, जॉर्जिया आणि रशिया ही चार चर्चेस आलीच नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावरून मॉस्कोने कॉन्स्टँटिनोपलशी सहभागिता, म्हणजे एकत्र उपासना आणि संस्कारांचं नातं, तोडली, आणि जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलने युक्रेनच्या नव्या चर्चला स्वयंशासनाचा तोमोस (अधिकृत फर्मान) दिला. त्यामुळे ‘ऑर्थोडॉक्स’ एवढ्या पाटीवरून ते चर्च कुणाच्या अधिकाराखाली आहे हे कळणार नाही. एकाच शहरात दोन-तीन अधिकारक्षेत्रांची चर्चेस असू शकतात.

ते ओळखायचा सोपा उपाय म्हणजे उपासनेला जाऊन उभं राहणं. प्रार्थनेत धर्मगुरू आपल्या बिशपचं नाव मोठ्याने घेतो. ज्याचं नाव घेतलं जातं त्याच्या अधिकाराखाली ते चर्च. वेदीवर घडी करून ठेवलेला एक कापडी तुकडा असतो, त्याला अँटिमेन्शन म्हणतात. त्यावर ख्रिस्ताला कबरीत ठेवतानाचं चित्र असतं, आत संताच्या अस्थींचा कण शिवलेला असतो आणि खाली बिशपची सही असते. तो असल्याशिवाय धर्मगुरूला साधारणपणे पवित्र उपासना करता येत नाही. बिशपने तो परत मागवला म्हणजे परवानगी काढून घेतली. हे कापड बघायला मागू नका, सामान्य भाविक त्याला हात लावत नाहीत. नाव ऐकणं पुरे. कॅथलिक मिस्सामध्येही पोप आणि स्थानिक बिशप अशी दोन नावं ऐकू येतात. हीच खूण तिथेही चालते.

पदांचा क्रम मात्र परंपरेनुसार उलटा होतो. रशियन परंपरेत मेट्रोपॉलिटन आर्चबिशपच्या वर, ग्रीक परंपरेत आर्चबिशप मेट्रोपॉलिटनच्या वर. पत्रावर पदवी लिहिण्याआधी हे तपासा. बिशप ब्रह्मचारी असतात, बहुधा संन्यस्त. पाळकीय काम करणारे धर्मगुरू विवाहित असू शकतात, पण लग्न दीक्षेच्या आधी झालेलं असावं लागतं.

४५१ च्या कॅल्सिडोन परिषदेनंतर वेगळी झालेली कॉप्टिक, सिरियाई, आर्मेनियन, इथिओपियन अशी चर्चेस या गटात धरू नका. ती वेगळी सहभागिता आहे. तिथली निवडही वेगळी: नोव्हेंबर २०१२ मध्ये कॉप्टिक पोपची अंतिम निवड डोळे बांधलेल्या मुलाने तीन नावांतून चिठ्ठी काढून झाली. तीन नावांपर्यंत पोचायला मात्र मतदान होतंच.

अँग्लिकन: बिशप आहेत, पण सभागृहाशिवाय पान हलत नाही

कँटरबरीच्या आर्चबिशपला अँग्लिकनांचा पोप म्हणणं ही सगळ्यात जुनी चूक. इंग्लंडबाहेरच्या चर्चवर त्यांचा कायदेशीर अधिकार चालत नाही. १८६७ पासून भरणाऱ्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेचे ठरावही बंधनकारक नसतात. प्रत्येक प्रांताचं चर्च आपापल्या घटनेने चालतं, म्हणून प्रश्न आला की त्या प्रांताची घटना उघडायची, लॅम्बेथचा ठराव नाही.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९७० पासून जनरल सिनड आहे: बिशप, पाळकवर्ग आणि सामान्य सभासद अशी तीन सभागृहं. महत्त्वाच्या विषयांवर तिन्हींत वेगवेगळं मतदान होतं, आणि एकाच सभागृहात आवश्यक मतं कमी पडली तरी ठराव पडतो. गावपातळीवर पीसीसी म्हणजे पॅरोकियल चर्च कौन्सिल आणि सभासदांतून निवडलेले दोन चर्चवॉर्डन. इमारतीत बदल करायचा तर यापैकी कुणाचीच सही पुरत नाही. बाकं हलवायची, नवी घंटा बसवायची, तर बहुतेक वेळा ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते, आणि ती धर्मप्रांताचा चॅन्सलर देतो. हा कायदेतज्ज्ञ न्यायाधीश असतो. वीस वर्षं पीसीसीवर बसलेली माणसंही पाळकाच्या होकारावर काम सुरू करतात आणि मग सगळं पूर्ववत करायचा आदेश अंगावर येतो.

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये बिशप धर्मप्रांताच्या पाळक आणि सभासदांच्या मतांनी निवडला जातो आणि मग इतर धर्मप्रांतांची संमती लागते. १९४७ चं चर्च ऑफ साउथ इंडिया आणि १९७० चं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांच्यासारख्या संयुक्त चर्चेसमध्ये बिशप अँग्लिकन वारशाचा, आणि मंडळीच्या कारभाराची बरीच रीत प्रेस्बिटेरियन किंवा मेथडिस्ट वारशाची. तिथे केवळ बिशपला भेटून काम होईल असं समजू नका. धर्मप्रांताची कौन्सिल, तिची कार्यकारिणी आणि मालमत्ता ज्या ट्रस्टच्या नावावर आहे तो ट्रस्ट, असे तीन वेगळे कागद मागा.

प्रेस्बिटेरियन: अधिकार माणसाकडे नाही, सभेकडे

इथे पायऱ्या आहेत, पण प्रत्येक पायरीवर सभा बसलेली आहे. मंडळीचं सेशन, त्यावर प्रेस्बिटरी (परिसरातल्या मंडळ्यांची सभा), काही ठिकाणी सिनड, आणि सगळ्यात वर जनरल असेम्ब्ली. सेशनमध्ये निवडून आलेले वडील (एल्डर) असतात आणि पाळक सहसा अध्यक्षस्थानी असतो. मॉडरेटर हा शब्द ऐकून फसू नका. स्कॉटलंडच्या चर्चचा जनरल असेम्ब्लीचा मॉडरेटर एका वर्षासाठी असतो. तो सभा चालवतो, चर्चचं प्रतिनिधित्व करतो, पण हुकूम सोडू शकत नाही. कागदपत्रांसाठी मॉडरेटरच्या मागे लागण्यापेक्षा क्लार्कला गाठा. ठराव, नोंदवह्या, अपिलाचे अर्ज सगळं त्याच्याकडे असतं आणि मॉडरेटर बदलला तरी तो सहसा तिथेच असतो.

नव्याने आलेल्या सभासदांना न पटणारी गोष्ट अशी: पाळक त्या मंडळीचा नोकर नसतो, तो प्रेस्बिटरीचा सदस्य असतो. मंडळी त्याला मतदानाने बोलावते, पण नेमणूक पक्की प्रेस्बिटरी करते आणि नातंही तीच तोडते. मंडळीने सर्वानुमते ‘पाळक नको’ असा ठराव केला तरी तो पाळक लगेच जात नाही. ठराव प्रेस्बिटरीकडे जातो आणि निर्णय तिथे होतो. पाळकाची जागा रिकामी असेल तर प्रेस्बिटरी तात्पुरता मॉडरेटर पाठवते. त्याच्याशिवाय भरवलेल्या सेशनचे निर्णय पुढे टिकत नाहीत.

मेथडिस्ट: जोडलेलं राहणं हाच नियम

युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये पाळकाला बिशप पाठवतो, तेही एकेका वर्षासाठी. मंडळीचा सल्ला घेतला जातो, पण ‘आम्हाला हेच हवेत’ असा हट्ट चालत नाही. अख्ख्या चर्चचा प्रमुख असा कुणी एक नाही. नियम करते ती साधारण चार वर्षांनी भरणारी जनरल कॉन्फरन्स, आणि नियमाचा अर्थ लावते नऊ जणांची ज्युडिशियल कौन्सिल. ब्रिटिश मेथडिस्टांत बिशपच नाहीत. तिथे सर्किट (जवळच्या मंडळ्यांचा गट), त्याचा सुपरिंटेंडंट आणि वार्षिक कॉन्फरन्स.

मालमत्तेच्या कागदात ‘ट्रस्ट क्लॉज’ शोधा. इमारत स्थानिक विश्वस्तांच्या नावावर दिसली तरी ती अख्ख्या चर्चसाठी विश्वासाने धरलेली असते. मंडळी बाहेर पडली तर इमारत आपोआप तिच्यासोबत जात नाही. २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या मंडळ्यांना बाहेर पडण्याची खास तरतूद होती. तेव्हाही दोन तृतीयांश मतं, वार्षिक कॉन्फरन्सची मान्यता, ठरलेली वर्गणी आणि पाळकांच्या निवृत्तिवेतनाच्या देण्यातला वाटा, एवढं सगळं पुरं करावं लागलं. साडेसात हजारांहून जास्त मंडळ्यांनी ते केलं. मुदत संपल्यावर तो रस्ता बंद झाला.

बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र चर्चेस

बाप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल परंपरेत शेवटचा शब्द मंडळीच्या सभासदसभेचा. वर असलेलं कन्व्हेन्शन किंवा युनियन, म्हणजे अशा मंडळ्यांचा संघ, आदेश देऊ शकत नाही. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन एखाद्या चर्चला जास्तीत जास्त आपल्या सहकार्यातून वगळू शकतं, जसं २०२३ मध्ये सॅडलबॅक चर्चबाबत झालं. पाळक तोच राहिला, इमारत तीच राहिली. म्हणून बाप्टिस्ट पाळकाची तक्रार कन्व्हेन्शनच्या कार्यालयात नेणाऱ्याला तिथून सहसा सहानुभूतीच मिळते. तक्रार न्यायची ती डीकन मंडळाकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर सभासदसभेकडे.

सभासदसभा म्हणजे रविवारी उपासनेनंतर हात वर करून झालेला ठराव नव्हे. घटनेत साधारण पाच गोष्टी शोधा: सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, विषय सूचनेत लिहिला पाहिजे का, गणपूर्ती किती, पाळकाला काढायला साधं बहुमत की दोन तृतीयांश, आणि मत देणारा सभासद नेमका कोण. पाचवी बाब सगळ्यात जास्त अडते. उपासनेला येणारे तीनशे आणि सभासद-नोंदवहीत चौऱ्याऐंशी, तर मत चौऱ्याऐंशींनाच. वाद पेटल्यावर दोन्ही गट घाईघाईने नवे सभासद भरतात, आणि मग नोंदवहीच वादात सापडते. म्हणून वाद सुरू होण्याआधीच्या शेवटच्या वार्षिक सभेची यादी आणि इतिवृत्त यांची प्रत मिळवा. सूचनेत विषय नव्हता, एवढ्या कारणावरूनही ठराव पडू शकतो.

पेंटेकोस्टल चर्चेसचा एक साचा नाही. चर्च ऑफ गॉड, क्लीव्हलँड यांचा कारभार बराच वरून चालतो. अमेरिकेतल्या असेम्ब्लीज ऑफ गॉडमध्ये पूर्ण स्वायत्त मंडळ्या असतात, तशाच डिस्ट्रिक्टच्या देखरेखीखालच्याही. पाळकाचा परवाना मात्र वरच्या संस्थेचा, आणि शिस्तभंग झाला तर ती तो काढून घेऊ शकते. पण परवाना गेल्यावर स्वायत्त मंडळीने त्यालाच ठेवून घेतलं आणि संस्थेशी नातं तोडलं, तर तो तिथेच पाळक राहतो. ही फट माहीत असू द्या.

पूर्णपणे स्वतंत्र चर्चमध्ये पाहायचा एकच कागद: नोंदणीची घटना किंवा ट्रस्ट डीड. विश्वस्त कोण, त्यांना कोण नेमतं, आणि त्यांच्यात पाळकाचे नातेवाईक किती. विश्वस्त पाळक नेमतात आणि पाळकच विश्वस्त नेमतो, असं वर्तुळ दिसलं तर आत अपील नाही. मग फलकावर वडीलमंडळ लिहिलेलं असो की प्रेषितीय नेटवर्कचं नाव असो. बाहेरच्या ‘आध्यात्मिक पित्या’ला पाळकाला काढण्याचा अधिकार लेखी दिला आहे का, हे विचारा. सहसा नसतो.

बाकीचे थोडक्यात

लुथरन चर्चेसची कबुली (श्रद्धेचं लेखी निवेदन) एक, १५३० ची ऑग्सबर्गची, पण कारभार अनेक. स्वीडनमध्ये उप्सालाचा आर्चबिशप, अमेरिकेतल्या ईएलसीए या लुथरन चर्चमध्ये सहा वर्षांसाठी निवडलेला बिशप, तिथल्याच मिसुरी सिनड या दुसऱ्या लुथरन चर्चमध्ये बिशपच नाही, अध्यक्ष आहे आणि मंडळ्या स्वायत्त. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्टांत पाळकाला नेमते आणि पगार देते ती कॉन्फरन्स, पण सभासद घेणं-काढणं स्थानिक मंडळीच्या मतानेच. साल्व्हेशन आर्मीत लष्करी शिस्त आणि बदलीचे आदेश, तरी जनरल निवडते ती हाय कौन्सिल. तिने १९२९ मध्ये संस्थापकाचा मुलगा ब्रॅमवेल बूथ यालाच पदावरून दूर केलं होतं. ब्रदरन मंडळ्यांत बहुधा पगारी पाळक नसतो, वडील मिळून पाहतात. क्वेकरांच्या पारंपरिक सभांत मतदानच नाही: क्लार्क सभेचा कल ओळखून इतिवृत्त तिथल्या तिथे लिहितो, वाचून दाखवतो, आणि सगळ्यांना पटलं की तोच निर्णय. दुसऱ्या दिवशी सुधारणा सुचवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

कोर्टात गेलं तर

चर्चची घटना नीट वाचली नाही तर किती महागात पडतं याचं उत्तम उदाहरण स्कॉटलंडचं आहे. १९०० मध्ये फ्री चर्च या तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या प्रचंड बहुमताने दुसऱ्या चर्चशी विलीनीकरण केलं. मूठभर लोक मागे राहिले आणि त्यांनी दावा लावला. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) मालमत्ता त्या अल्पमताला दिली, कारण ती ज्या मूळ तत्त्वांसाठी दिली गेली होती ती बहुमताने सोडली असं कोर्टाला दिसलं. शेवटी वाटणीसाठी १९०५ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला. अमेरिकेत उलटी वाट होती: १८७१ च्या वॉटसन विरुद्ध जोन्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पायऱ्यांच्या चर्चमध्ये वरच्या सभेचा धार्मिक निर्णय कोर्ट मानेल. १९७९ पासून तिथे राज्यांना आणखी एक पर्याय खुला आहे, खरेदीखत आणि ट्रस्ट डीड साध्या कागदांसारखे वाचण्याचा. थोडक्यात, वकिलाकडे जाताना धर्मशास्त्राची टिपणं कमी आणि खरेदीखत, ट्रस्ट डीड, घटनेची त्या वेळी लागू असलेली आवृत्ती जास्त न्या.

पत्र लिहिताना

पत्र व्यक्तीच्या नावाने न लिहिता पदाच्या नावाने लिहा, कारण उत्तर येईपर्यंत माणूस बदललेला असू शकतो. सभा चालवणाऱ्या चर्चमध्ये ‘क्लार्क’ किंवा ‘सेक्रेटरी’ यांच्या नावे, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावं अशी विनंती करून. बिशप चालवणाऱ्या चर्चमध्ये बिशपच्या नावे, प्रत चॅन्सलरच्या कार्यालयाला. फक्त लक्षात घ्या, कॅथलिक चॅन्सलर म्हणजे दफ्तर सांभाळणारा, अँग्लिकन चॅन्सलर म्हणजे न्यायाधीश. पत्रात तुमचं चर्चशी नातं पहिल्या ओळीत: सभासद, पालक, भाडेकरू, पत्रकार. बऱ्याच घटनांत दाद मागण्याचा हक्क सभासदालाच असतो. ज्या कलमाचा आधार घेताय त्याचा क्रमांक आणि घटनेच्या आवृत्तीचं साल लिहा. प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट नियमपुस्तकं वरच्या सभांगणिक बदलतात, आणि मागच्या आवृत्तीतला क्रमांक दिला की समोरचा क्लार्क उत्तरात एवढीच चूक दाखवून पत्र परत पाठवतो. पोच मागा, आणि पोचेवर तारीख नसेल तर ती तिथेच, समोर, घालून घ्या.